मैदानातला संसार

सेक्टर ६, भिलाई
१६ एप्रिल २०२४

चि. संघमित्रास,
आबाजीचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. वरचा पूल सुरेख आहे, पण माय, पुलाच्या पाठीमागे चारच ओळी? एवढंच लिहायचं होतं तर तुला लहानपणी ओट्यावर बसवून मी मराठी कशाला गिरवायला लावली? तुझी शाळा हिंदी-इंग्रजीची. तुझा बाप अरुण मराठी बोलतो, लिहीत नाही. सूनबाई दुर्गाला, तुझ्या आईला, वेळ नाही. या क्वार्टरमध्ये मराठीत पत्र लिहिणारी माणसं आपण दोघंच, आणि त्यातलं एक बर्लिनला जाऊन बसलं.

फोनवर माझं जमत नाही. फोन आला की दुर्गा त्याचा आवाज मोठा करून ओट्यावर ठेवते. मग सगळं घर विचारतं, जेवली का, थंडी आहे का, भाजी कोणती केली. माझी पाळी येईपर्यंत तू जांभया देऊन राहते.

तुझं पत्र आलं की मी ते संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर, माझ्या जुन्या सोबत्यांत नेतो. सुखराम डोळे मिटून ऐकतो. हिरालाल सेक्टर १० वरून स्कूटरने येतो तो पत्रासाठीच. परवा म्हणे, "टिकाराम, तुई नात लिहिते का समोर बसून बोलते, समजतच नाही." आणि मग हळूच त्याने त्याच्या पुतण्याचं, राजदीपचं नाव काढलं. मुलगा रायपूरला रेल्वेत आहे. मी म्हटलं, पोरगी डिसेंबरात शिक्षण संपवून येते, मग पाहू. माझ्यापासून ती काही लपवत नाही.

इथं आता सकाळी दहालाच रस्ते ओस पडतात. आणि तू लिहितेस की तिकडे ऊन पडलं की लोक घराबाहेर धावतात. वाचून मला आमचे हिवाळे आठवले. पोलाद कारखान्यात रेल मिलची रात्रपाळी करून आम्ही चौघं सोबती क्वार्टरसमोर खाट टाकून उन्हात बसायचो. मीठ लावलेली बिही खायची, म्हणजे आपले पेरू, आणि मी शाळेतल्या कविता चालीवर म्हणायच्या. सातवीच्या पुस्तकात उन्हावर एक होती. गुरुजी मला उभं करून ती म्हणायला लावत, कारण शेवटच्या कडव्यात माझा आवाज कापायचा आणि ते त्यांना आवडायचं. तुझी आजी भीमाबाई आतून ओरडायची, "झोपा नं आता, का उन्हालेच पगार मांगता?"

तुझे शनिवार-रविवार कसे जातात, ते सविस्तर लिही. सोबत कोण असतं, काय खाता, काय बोलता. मला ते ऊन पाहायचं आहे.

तुझा,
आबाजी

०

बर्लिन
७ मे २०२४

आबाजी,
जयभीम. चार ओळींचा दंड भरते.

शनिवारी ऊन पडलं. तुम्ही म्हणाल, यात सांगायचं काय. आबाजी, इथं नोव्हेंबरपासून आभाळ म्हणजे भाताच्या ॲल्युमिनियमच्या गंजावरचं झाकण असतं. दुपारी चारला अंधार. मार्चमध्ये मला उगाच रडू यायचं, कारण काहीच नसायचं. फोनवर सांगितलं नाही. आई म्हणाली असती, परत ये.

आणि मग एके दिवशी झाकण उघडलं. इथं एक जुना विमानतळ आहे. विमानं बंद झाली, पण धावपट्टी तशीच ठेवली आणि सगळं गवत लोकांना देऊन टाकलं. धावपट्टीवर पोरं सायकली चालवतात. मोठी माणसं येतात, कपडे काढतात आणि वाळवणाच्या पापडांसारखी पसरतात. पहिल्या दिवशी मी छत्री उघडून बसले. आईची ट्रेनिंग, काळी पडशील. पियूष म्हणाला, "ए भिलाई, छत्री बंद कर नं, लोक समजतील तू कुल्फी विकून राहिली."

पियूष नागपूरचा, माझ्याच वर्गात आहे. त्याने घरून लोखंडी कढई आणली आहे. मैदानात शेगडी लावायला परवानगी असते, तिथं तो तर्री करतो आणि पोह्यांवर ओततो. शनिवारी सकाळी माझं दार वाजवतो, "चल, ऊन संपून जाईल."

सच सांगते आबाजी, इथं माझा छोटासा संसार वसला आहे. एक चटई, पियूषची कढई, आणि उन्हाचे दोन दिवस. आठवडाभर मी त्याचीच वाट पाहते. घरी कुणाला सांगितलं नाही. आईला वाटतं मी सुट्टीत लायब्ररीत असते. शिकायला आलेल्या मुलीनं इतकं खुश राहणं बरं आहे का? कधी कधी मला शरम येते. पान उलटा.

आता माझ्या या संसारातले बाकीचे लोक. योआना पोलंडची. ती बरणीभर काकडीचं लोणचं आणते आणि आम्ही सगळे बरणीतच हात घालतो. फरीदा ढाक्याची, ती तर्रीला नावं ठेवते आणि सगळ्यांत जास्त खाते. अजून दोघं-तिघं येत-जात असतात. कुणी काही करत नाही. रात्रीच्या जेवणाची वेळ होते तरी ऊन असतं. परवा मी गवतावरच झोपले, उठले तेव्हा फरीदाने माझ्या तोंडावर तीच छत्री धरली होती.

तुमच्या त्या खाटेवर तुम्हाला असंच वाटायचं का?

तुमची,
संघमित्रा

०

सेक्टर ६, भिलाई
२९ मे २०२४

संघमित्रास,

नवतपा सुरू आहे, वर्षातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. कूलर गरम हवा फेकतो. तुझं पत्र परवा आलं आणि नेहमीसारखं मी ते न उघडता बाकावर नेलं. उघडायचं ते दोस्तांसमोर, ही माझी हौस.

वाचत गेलो. छत्रीवर सुखराम हसला. मग "माझा छोटासा संसार वसला आहे" हे माझ्याच तोंडून, कविता म्हणावी तसं, मोठ्या आवाजात बाहेर पडलं. जीभ चालूच होती. एक चटई, पियूषची कढई, घरी कुणाला सांगितलं नाही, हेही पडलं. मग मी थांबलो.

हिरालाल चष्मा पुसत बसला. बराच वेळ पुसला. मग बायकोचं निमित्त काढून उठला, "चालतो. गिरजाबाई वाट पायत असन." राजदीपचं नाव त्याने काढलं नाही. सुखराम म्हणाला, "पान पलटव नं." मी पत्र खिशात घातलं. ते पान मी उलटलं नाही आणि उलटणार नाही.

संसार म्हणजे काय, ठाऊक आहे तुला? चार माणसांसमोर, बुद्धवंदना घेऊन, एकमेकांचं नाव लावून केला जातो तो. तुझ्या आजीने केला तो. चटई आणि कढईने होत नाही. तुला कुणी आवडला असता तर मी तुझ्या बापाशी भांडलो असतो, जात-पात विचारली नसती. पण आईला लायब्ररी सांगायची आणि तिकडे घर मांडून बसायचं, हे मी तुला शिकवलं नव्हतं.

विचारतेस, इतकं खुश राहणं बरं आहे का. नाही.

दुर्गाला अजून काही बोललो नाही. तोंड होत नाही. त्या मुलाला सांग, दार वाजवायचं बंद कर. आता खात बस ऊन.

टिकाराम

०

बर्लिन
१९ जून २०२४

आबाजी,

तुमची पत्रं मीसुद्धा चटईवर उघडते. सगळ्यांना भाषांतर करून सांगते. भीमाबाई आजीचं "उन्हालेच पगार मांगता" फरीदाला पाठ आहे. म्हणून हेही तिथंच उघडलं. दोन ओळी सांगितल्या आणि पुढचं सांगायचं सोडलं.

मला काही समजलं नाही. मी काय केलं, तेच सापडत नव्हतं. पियूषची शाळा मराठी, म्हणून त्याच्याकडे दिलं. त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, "तू संसार कावून लिहिलं?"

मी म्हटलं, संसार म्हणजे दुनिया.

"ते हिंदीत. मराठीत संसार नवरा-बायकोचा असते."

आबाजी, मला ठाऊक नव्हतं. आजीच्या तोंडून कधी ऐकला असेल, पण कान दिला नसेल. शाळेत हिंदीच्या मॅडमनी घोकून घेतलं होतं, जग, विश्व, दुनिया, संसार. पत्र तुम्हाला लिहायचं होतं म्हणून त्यातला सगळ्यांत सुंदर शब्द मी निवडला.

पियूषने कढई गवताने पुसली आणि उठला. म्हणाला, "तुझ्या घरी असं समजून राहिले असतील तर मी दारावर येणं बरं नाही. पोरीचं नाव खराब होते." तो वाईट मुलगा नाही. वाईट असता तर बसून राहिला असता.

त्यानंतरच्या शनिवारी ऊन होतं. मी पडदा लावून खोलीत होते. योआनाने फोन केला, मी सर्दी झाली म्हटलं. मी काही केलेलं नाही, तरी मला लाज वाटते. आरशात पाहिलं, दंड काळे झालेत, तेही लपवावेसे वाटतात. हे तुम्ही पाठवलंत मला, पाकिटात घालून.

यापुढे मी मराठीत लिहिणार नाही. रविवारी फोनवर हिंदीत बोलू. आई आवाज मोठा करेलच. "सब ठीक है" एवढंच म्हणायला ती भाषा पुरते.

संघमित्रा

०

सेक्टर ६, भिलाई
९ जुलै २०२४

माय संघमित्रा,

हे पत्र हिंदीत लिहायला बसलो होतो. दोनदा कागद फाडला. माफी मागायला माझ्याकडे एकच भाषा आहे, म्हणून हिच्यातच मागतो. तू वाचली नाहीस तरी चालेल.

तुझं पत्र आलं आणि मी आधी जुनं काढलं. पान उलटलं. तिथं योआना होती, लोणच्याची बरणी होती, तुझ्या तोंडावर छत्री धरणारी फरीदा होती. सगळी माणसं तिथंच उन्हात बसून होती आणि मी त्यांना महिनाभर कपाटात कोंडून ठेवलं होतं. खालची तुझी शेवटची ओळ वाचली, त्या खाटेवर तुम्हाला असंच वाटायचं का. असंच वाटायचं, बाई. अगदी असंच.

मला तो शब्द हिंदीत ठाऊक नव्हता, असं म्हणायची सोय नाही. सारी नोकरी हिंदीत झाली. क्रेनवरून खाली हाका मारल्या त्या हिंदीत, शिव्या खाल्ल्या त्या हिंदीत. चहाच्या टपरीवर रेडिओ दिवसभर "संसार संसार" करायचा, तेव्हा मी काय त्याला विचारलं, लग्न केलं का? पण तुझं पत्र मराठीत होतं आणि मराठी म्हणजे माझी, या घमेंडीत होतो मी. भिलाईत वाढलेल्या पोरीची मराठी भिलाईची असणार, एवढं सुचलं नाही.

आणि लाज याच्याही खाली आहे. मला शब्दाने घाबरवलं नाही. हिरालालच्या चष्मा पुसण्याने घाबरवलं. एकटा असतो तर मी पान उलटलं असतं. माणसं पाहत होती म्हणून तुला सोडून दिलं.

काल बाकावर गेलो. म्हटलं, मागचं पत्र अर्धंच वाचलं होतं, उरलेलं वाचतो.

हिरालाल म्हणाला, "राहू दे टिकाराम. आमी काही बोललो का?"

"तू बोलला नाहीस म्हणूनच वाचतो."

वाचलं. मग शब्दाचं सांगितलं. सुखराम इतका हसला की त्याला खोकला आला. "म्हणजे पोरगी दुनिया म्हणे अन् तू तिचं लगन लावून देलं. पंगत तरी द्यायची होती."

हिरालाल नाही हसला. जमिनीकडे पाहत म्हणाला, "मी गिरजाबाईले सांगून बसलो रे. अन् तिनं कोणाकोणाले सांगितलं ते मले नाही मालूम." राजदीपचं लग्न त्यांनी कुम्हारी गावच्या मुलीशी जमवलं आहे. तू तर हो म्हटलंच नव्हतंस, त्याचं दुःख नको करू. पण बोलणं कुठवर गेलं ते मलाही ठाऊक नाही, आणि ते मी गोळा करून आणू शकत नाही.

दुर्गाला मीच सांगितलं, तुझ्या शनिवारांपासून माझ्या पत्रापर्यंत. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मामाजी, मले एक फोन करू देला असता तं मिनिटात झालं असतं." मग पोळी उलटवत म्हणाली, "लायब्ररीत नसते ते मले मालूमच होतं. फोटोत दिसते नं, लायब्ररीत कोणाचं नाक जळते का?"

मराठीत लिही, असं मी म्हणणार नाही. तो हक्क मी घालवला. पण शनिवारी पडदा उघड. सोबत पियूषसाठी चिठ्ठी आहे. वाच, आणि योग्य वाटली तरच दे.

आबाजी

०

श्री. पियूष यांस,

नमस्कार. मी संघमित्राचा आजा. तुम्हाला न पाहता, न ओळखता मी तुमच्यावर आळ घेतला, तोही चार माणसांसमोर. बाकावर जे बोललो ते त्याच बाकावर जाऊन परत घेतलं. तुमच्यासमोर येता येत नाही म्हणून ही चिठ्ठी.

तुम्ही कढई घेऊन उठलात. आमच्या पिढीचे लोक म्हणतील, मुलगा संस्कारी. मी म्हणत नाही. मार्चमध्ये ती रडत होती हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही फोनवर भाजी विचारत होतो. तिचं दार वाजवणारं कुणी तिथं होतं, याबद्दल आधी आभार मानायचे, ते सोडून मी दार बंद करवलं.

लाज माझी आहे. ती तुम्ही दोघांनी वाटून घेऊ नये, एवढी विनंती आहे, आज्ञा नाही. आणि तर्रीत तिखट कमी करू नका. तिला झेपतं.

आपला,
टिकाराम

०

बर्लिन
३१ जुलै २०२४

आबाजी,

बाकावर असाल तर पत्र बंद करा आणि घरी जा. मग पुढे वाचा.

हे मराठीत लिहिलं ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. यात जे आहे ते आईच्या फोनवर, मोठ्या आवाजात, सांगण्यासारखं नाही.

चिठ्ठी पियूषला दिली. वाचून खिशात घातली. शनिवारी सकाळी मी तयार होऊन बसले, दार वाजलं नाही. मग एकटीच गेले. तो तिथं आधीच होता, शेगडीला वारा घालत. म्हणाला, "तुया आजोबाची ऑर्डर आहे, तिखट कमी नाही. आता भोग." फरीदाच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी तिनं दोनदा घेतलं. आम्ही हसलो, पण पूर्वीसारखं नाही. मी चटईच्या टोकाला बसते आणि तो दुसऱ्या टोकाला. दारावर तो येत नाही. बहुतेक येणार नाही. तुमचा राग म्हणून लिहीत नाही. जसं आहे तसं लिहिते.

आता खरी गोष्ट. डिसेंबरात मी परत येत नाही. इथल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांचं काम मिळतंय, मी हो म्हटलं आहे. दिवाळीला आठ दिवस येईन, तेव्हा आई-बाबांना समोर बसून मीच सांगेन. फोनवर सांगितलं तर आई रडेल आणि मी हो-नाही करत बसेन. तोवर कुणाला कळायला नको.

तुम्हाला आधी का सांगते, तेही सांगते. मागच्या वेळी काहीच नव्हतं आणि तुम्ही सगळ्यांना सांगितलं. या वेळी काहीतरी आहे.

तुम्ही माझी वाट पाहत होतात, हे मला माहीत आहे. इथं राहायचं कारण विचाराल तर कामाचंच सांगेन. पण थोडं ते मैदानही आहे. शरम येते लिहायला, पण आहे.

तुमची,
संघमित्रा

०

सेक्टर ६, भिलाई
२० ऑगस्ट २०२४

चि. संघमित्रास,
जयभीम.

तुझं पत्र मी मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली बसून वाचलं. एकट्याने, दोन्ही पानं.

दोन वर्षं. माझ्या वयाच्या माणसाने या गणिताला बसू नये, म्हणून बसलो नाही. पत्र घडी करून झाडाकडे पाहत राहिलो. दुर्गा चहा घेऊन आली, म्हणाली, "काय म्हणते?" मी कपात पाहत म्हटलं, बरी आहे. ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली. तिने माझ्या ताटात इतकी वर्षं वाढलं, तिच्यापासून हे लपवताना मान वर होत नाही. दिवाळीपर्यंत होणारही नाही. ते माझ्याकडे राहू दे. तू तुझं काम कर आणि शनिवारी मैदानात जा. चटईच्या कुठल्याही टोकाला बस, पण उन्हात बस.

संध्याकाळी बाकावर गेलो. न जाणं बरं दिसलं नसतं. पोस्टमनने हिरालालला सांगितलंच होतं.

"नातीचं पत्र आलं म्हणे," तो म्हणाला. आता तो जरा भीतभीतच विचारतो. सुखरामने ऐकायला डोळे मिटून घेतले.

पत्र खिशात होतं. मी हात घातला नाही.

"ऊन पडलं म्हणते तिकडे."

सुखरामने एक डोळा उघडला. "अन् बाकी?"

"बाकी काही नाही."

हिरालालने चष्मा काढला, पुसायला लागला. मी त्याला पुसू दिलं.

तुझा,
आबाजी